शहाबादी फरशीवरचा दर्या

आमच्या राजेश्वरपासून समुद्र कुठल्याही बाजूने धरला तरी चारशे किलोमीटरांच्या आत येत नाही. पश्चिमेला कोकण, पूर्वेला आंध्रचा किनारा, आणि आम्ही बरोबर मधोमध, पुणे-हैदराबाद रस्त्यावर, तूर-उडदाच्या मुलखात. इथल्या माणसाला पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि फार तर गावतळे. अशा गावात राहून मी गेली पस्तीसेक वर्षे आरमारी लढाया खेळतो आहे. त्याही एकटा.

खेळतो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे, नाहीतर वाचक म्हणतील की म्हाताऱ्याला संगणकाचे वेड लागले. त्यातले काही नाही. बोटाएवढी लाकडी जहाजे जमिनीवर मांडायची, वाऱ्यासाठी फासा टाकायचा, वारा असेल तेवढी जहाजे हलवायची, तोफा डागायच्या त्याही फाशानेच, आणि काय झाले ते वहीत लिहायचे. विलायतेत हा छंद जुना आहे. तिथे शिशाची तयार जहाजे मिळतात, बाराशेपट लहान केलेली. शंभर फुटी जहाज एक इंच! नियमांच्या पुस्तिकाही मिळतात. 1987 साली हैदराबादला आबिद्सच्या फुटपाथवर, रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात, मला अशीच एक पुस्तिका तीन रुपयांना मिळाली. मुखपृष्ठ फाटलेले होते, त्यामुळे लेखकाला नमस्कार करायचा राहूनच गेला. त्या वेळी मी टपाल खात्यात होतो. औराद, भालकी, चिंचोळी अशा बदल्या. बिऱ्हाड राजेश्वरला आणि मी एका खोलीत. संध्याकाळी शिक्के आणि डिंक आवरले की रात्र आपलीच.

शिशाची जहाजे कुठून आणणार? आमच्याकडे पोरे ज्वारीच्या धाटाच्या भेंडाच्या बैलगाड्या करतात, तुम्हीही केल्या असतील. माझे पहिले आरमार त्याच भेंडाचे. एका पावसाळ्यात ते उंदरांनी बुडवले. मग पांगाऱ्याचे लाकूड कोरून केली, डोलकाठीला उदबत्तीच्या काड्या, शिडांना लग्नपत्रिकांचा कागद. नीट पाहिले तर माझ्या एका गुराबीच्या शिडावर अजून ‘सहकुटुंब सहपरिवार’ एवढी अक्षरे वाचता येतात. दर्या मात्र आयता मिळाला. घरात शहाबादी फरशी आहे, दोन बाय दोनची, आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली. ओल्या फडक्याने पुसली की तिचा रंग खाडीच्या पाण्यासारखा दिसतो, असे कोकणातून आलेल्या एका पाहुण्याने सांगितले होते. सांधे सरळ असल्यामुळे मोजपट्टीही लागत नाही. एक फरशी म्हणजे अर्धा मैल, एक फेरी म्हणजे दहा मिनिटे. तोफेचा गोळा फार तर एक फरशी जातो.

समुद्र न पाहणाऱ्याने समुद्री लढाईत बोलू नये, असे मला पुष्कळांनी सुनावले आहे. त्यांना मी एडिनबर्गच्या जॉन क्लार्कची गोष्ट सांगतो. हा व्यापारी होता. समुद्रावर लढाई त्याने कधी केली नव्हती. पण टेबलावर लहान लहान जहाजे मांडून, सरकवून, त्याने इंग्रज आरमार फ्रेंचांशी पुन्हापुन्हा बरोबरीत का सुटते याचा विचार केला. शत्रूच्या रांगेला समांतर रांग लावून दूरवरून तोफा उडवण्याऐवजी ती रांगच मधून फोडली पाहिजे, असे त्याचे मत झाले, आणि 1782 मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढले. इंग्रज दर्यावर्दींमध्ये ते वाचले गेले, आणि त्याचे श्रेय किती यावर पुढे वादही झाला. वाद होण्याइतके तरी ते होते.

शिवाय बिदर आणि दर्या यांचे अगदीच काही नाते नाही असेही नाही. शाळेच्या सहलीत ज्याचा मदरसा आपण सगळ्यांनी पाहिला तो महमूद गावान मूळचा इराणातला व्यापारी, समुद्रमार्गे दाभोळला उतरून बिदरला आला. पुढे बहामनींचा वजीर झाल्यावर त्याने कोकणच्या मोहिमेत खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर घेतले. कारण तिथली जहाजे व्यापाऱ्यांना आणि यात्रेकरूंना लुटत होती. 1472 मध्ये गोवा घेतला. त्या वेळी जमिनीवरच्या फौजेबरोबर समुद्रातून 120 जहाजे पाठवली होती, असे फिरिश्ता लिहितो. त्याच सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि घोडा विकायला म्हणून जुन्नरवरून बिदरला पोहोचला. चौल म्हणजे खांदेरीच्या शेजारचे बंदर. आणि अगदी अलीकडचे सांगायचे तर, आमच्या आजोबांच्या निजामाला समुद्र नव्हता याची केवढी खंत! एवढे मोठे संस्थान, पण बंदर एकही नाही, म्हणून पोर्तुगीजांकडून गोव्यातले मुरगाव मिळवण्याचा खटाटोप त्याने करून पाहिला. तो साधला नाही. 1948 मध्ये संस्थान गेले, 1956 मध्ये आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात आला, आणि समुद्र होता तिथेच राहिला.

असो. खेळाकडे वळू.

या खेळात खरा राजा वारा. बुद्धिबळात उंट तिरपाच जातो, पण जातो तरी. शिडाचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. चौकोनी शिडांच्या मोठ्या जहाजाला वारा येतो त्या दिशेच्या दोन्ही अंगांचा साधारण पासष्ट-सत्तर अंशांचा पट्टा बंद. ते मोजायला मी पुठ्ठ्याचा एक कोन कापून ठेवला आहे. आपल्या तिकोनी शिडांच्या होड्या वाऱ्याला त्याहून जवळ जातात, म्हणून त्यांचा कोन निराळा. ज्याच्याकडे वाऱ्याकडची बाजू तो हवे तेव्हा चाल करतो. खालच्या बाजूला असलेल्याने फक्त वाट पाहायची. त्यात कोकणचा वारा ठरलेल्या वेळेचा. दुपारी समुद्राकडून खारे वारे, रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई वारे. शाळेत भूगोलात हे पाठ केले तेव्हा उत्तरपत्रिकेपलीकडे त्याचा उपयोग वाटला नव्हता. खाडीत दडलेल्या आरमाराचे सगळे जगणे या दोन ओळींवर चालत होते, हे फरशीवर गुडघे टेकल्यावर कळले.

विलायती पुस्तिकेचे नियम मात्र आपल्या आरमाराला लागू पडत नाहीत. ते साठ-सत्तर तोफांच्या जहाजांसाठी लिहिलेले, ज्यांच्या तोफा कुशीत असतात, डावी-उजवीकडे. आपली गुराब निराळी. दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, तळ उथळ, आणि पुढचे नाक लांब, बुटके. त्या नाकावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. तिच्या जोडीला गलबत, ज्याचे इंग्रजांनी ‘गॅलिव्हट’ केले. वजन फार तर सत्तर टन, पण चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचे अवजड जहाज पाण्यात खुंटा ठोकल्यासारखे उभे राहते. तेव्हा गलबते गुराबीला दोराने ओढत त्याच्या पिछाडीला आणतात, जिथे त्याच्या तोफा जवळजवळ नाहीतच, आणि मग समोरच्या दोन तोफा बोलू लागतात. आंग्र्यांच्या दहशतीचे गुपित एवढेच. म्हणून मी नियम बदलला: फाशावर एक पडला की वारा शून्य, शिडे बंद, पण वल्ही चालू. हा एक नियम घातला आणि सारा खेळच मराठी झाला.

आता एकट्याने खेळण्याचे. लोकांना सगळ्यात चमत्कारिक हेच वाटते. दोन्ही बाजू तुमच्याच, मग फसवणार कोणाला? प्रश्न रास्त आहे. एकट्याच्या खेळात फासा दुसऱ्यांदा टाकावासा वाटला तर हात धरणारे कोणी नसते. त्यावर माझा उपाय टपाल खात्यातला. लढाई मांडण्याच्या तीन-चार आठवडे आधी मी प्रत्येक पक्षाच्या सेनापतीसाठी तीन निरनिराळे हुकूम लिहितो, तिन्ही त्या माणसाला शोभतील असे. खाकी पाकिटांत घालतो, डिंकाने बंद करतो, पत्ते पिसावे तशी पिसतो आणि कपाटात ठेवून देतो. खेळाच्या दिवशी त्यातले एक उचलायचे. जे निघेल ते पाळायचे. दुसरे, जागा बदलायची. इंग्रजांची चाल मी उत्तरेकडच्या स्टुलावर बसून करतो, मराठ्यांची दक्षिणेकडच्या सतरंजीवर. हसू नका. स्टुलावरून फरशी निराळी दिसते. सतरंजीवरून जो डाव पक्का वाटतो त्यातले भोक स्टुलावरून लगेच दिसते.

अलीकडे इंग्रजांचे हुकूम शेजारचे सर लिहून देतात. ते निवृत्त कन्नड शिक्षक. ते माझ्याशी कन्नडात बोलतात, मी त्यांच्याशी मराठीत, आणि दोघांचाही राग आला की दोघेही दखनीवर येतो. आपल्या भागात यात नवल ते काय. वॉटसन, कीग्विन ही मंडळी आमच्या घरी कन्नडात हुकूम सोडतात. एकट्याच्या खेळाला याचा फार फायदा होतो. पाकिटात काय आहे ते मला खरोखरच ठाऊक नसते, आणि सरांचे अक्षर लावता लावता शत्रूचा हुकूम पोहोचायला लागतो तेवढा वेळही जातो.

सर्वांत जास्त वेळा मी खेळलो ती खांदेरी. 1679 च्या ऑगस्टअखेर शिवाजी महाराजांच्या माणसांनी, मायनाक भंडारीच्या हाताखाली, मुंबईच्या तोंडाशी असलेले हे ओसाड बेट धरले आणि तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी बेटाची कोंडी करायला जहाजे पाठवली. 18 ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार, चाळीसच्या वर होड्या, पहाटे त्यांच्यावर चालून आले. इंग्रजांची लहानमोठी आठच जहाजे होती, त्यांत ‘रिव्हेंज’ हे एकच खरे लढाऊ. ‘डोव्हर’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली, बाकीची पांगली. पण ‘रिव्हेंज’वर कीग्विन आणि मिंचिन दोघे ठाण मांडून राहिले. पाच गलबते बुडवली आणि उरलेल्यांचा नागोठण्याच्या खाडीपर्यंत पाठलाग केला, असे इंग्रज सांगतात.

माझ्याकडे खांदेरी म्हणजे दोन गोटे, कारण त्या बेटाला दोन टेकड्या आहेत. प्रत्येक गलबतात ज्वारीचे दहा दाणे. गलबत बेटाला टेकले की दाणे उतरवायचे. (रात्री मुंग्या येऊन शिबंदीचे धान्य नेतात, तो हिशेब वेगळा.) आता गंमत पाहा. ‘रिव्हेंज’ला घेरून बुडवायचेच, असा हुकूम पाकिटातून निघाला की माझी गलबते हमखास मार खातात. जवळ जाताना तिच्या कुशीतल्या तोफा त्यांना टिपतात. उलट ‘लढाई टाळा, अंधारात दाणे पोहोचवा’ असे निघाले की दहांतल्या सात-आठ वेळा बेट तगते. प्रत्यक्षातही तसेच झाले. दिवसा इंग्रज जिंकत राहिले, आणि रात्री त्यांच्या पहाऱ्यातून बारीक होड्या निसटून बेटाला रसद देत राहिल्या. 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून जहाजे काढून घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. इंग्रजांची पुस्तके ‘रिव्हेंज’चा विजय सांगतात, आपली पुस्तके खांदेरीचा. लहानपणी मला वाटे यातला कोणीतरी खोटे बोलतो आहे. फरशीवर दोन्ही एकाच खेळात घडताना मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्यावर वाद घालायला जीव होत नाही.

खांदेरी खेळताना पाहणारा कोणी आला तरी अडचण नसते. आपले कोण, परके कोण, हे पोरासोरांनाही समजते. 2019 मध्ये ‘खांदेरी’ नावाची पाणबुडी नौदलात आली, 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आले. त्या दिवशी गल्लीतली दोन पोरे आपण होऊन माझी जहाजे पाहायला आली. त्यांना खांदेरी दाखवली. एकाने विचारले, ‘‘अज्जा, विजयदुर्गाची लढाई हाय का?’’

आहे. ती लढाई मी फार वर्षे मांडली नव्हती. नियम जमत नव्हते असे नाही. बसायच्या जागा ठरत नव्हत्या.

गोष्ट 1756 ची. कान्होजी आंग्रे 1729 मध्ये गेले, मुलांत भांडणे झाली, दक्षिणेकडचे आरमार तुळाजीकडे आले. तुळाजी कर्तबगार खरा, पण तो पेशव्यांना जुमानीना, त्यांच्या मुलखावरही चालून जाई. इंग्रजांना तर तो डोळ्यांसमोर नको होता. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. 1755 मध्ये कमोडोर जेम्सने समुद्रातून तोफा डागून सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन विजयदुर्गासमोर आला. ‘केंट’, ‘कंबरलंड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’, पन्नास ते सत्तर तोफांची जहाजे, आणि जमिनीवर उतरवायच्या पलटणींवर क्लाइव्ह. किल्ल्याच्या मागे जमिनीकडून पेशव्यांची फौज. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता, तिथून परत आला नाही. किल्ला त्याच्या मेहुण्याकडे. आणि आरमार? ते किल्ल्याच्या आडोशाला खाडीत, एकाला एक बांधून उभे. 12 फेब्रुवारीला दुपारचा खारा वारा सुटला तशी वॉटसनची जहाजे आत शिरली. दुपार कलत असताना एक जळता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज मूळचे इंग्रजांचेच, आंग्र्यांनी जिंकून आणलेले. तिथून आग गुराबीवरून गुराबीवर गेली आणि कान्होजींपासून जमवत आणलेले आरमार एका संध्याकाळी जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पेशव्यांची तीन-चार गुराबी आणि चाळीसेक गलबते उत्तरेला उभी होती, असे ऑर्म हा इंग्रज इतिहासकार लिहितो. ती लढाईत उतरली नाहीत. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिला.

आता सांगा, सतरंजीवर कोणी बसायचे?

नुसते वाचताना माणूस पान उलटून पुढे जातो. खेळायचे म्हटले की प्रत्येक जहाजाला मालक आणि प्रत्येक मालकाला हुकूम द्यावा लागतो. मी तिसरी जागा केली, स्टूल आणि सतरंजी यांच्या मध्ये, देवघराच्या उंबऱ्याला टेकून. ती पेशव्यांची. विजयदुर्ग म्हणून पाटा मांडला, तेव्हा घरातून पहिला निषेध झाला. ‘‘अहो, वाटण करायचं हाय, आन् तुमी पाट्याला किल्ला करून बसलाव!’’ दुपारचे वाटण होईपर्यंत पेशवे, आंग्रे आणि इंग्रज थांबले.

हुकूम लिहायला बसलो तो माझा सगळ्यात अवघड आठवडा. आंग्र्यांसाठी तीन लिहिले: जिथे आहात तिथेच राहा, पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडा आणि दक्षिणेला पळा, जुनी जहाजे खाडीच्या तोंडाशी बुडवून वाट अडवा. पण धनी छावणीत अडकलेला, हुकूम देणार कोण? म्हणून नियम घातला की आंग्र्यांच्या प्रत्येक तुकडीने जागचे हलण्याआधी फाशावर पाच किंवा सहा पाडला पाहिजे. पेशव्यांसाठीही तीन: थांबून पाहा, पाठलाग करून पकडा, आंग्र्यांना जाऊन मिळा. तिसरा लिहिताना मला बरे वाटले. मात्र पेशवा हे करणे शक्य होते का, असे स्वतःला विचारून मगच पाकीट बंद केले. तुळाजी मोकळा सुटला तर तो आपल्याच मुलखावर येणार, ही भीती पुण्यात खरी होती. तरी दर्यावर असलेल्या एखाद्या तांडेलाला, समोर जळणारे आरमार पाहून, काही वाटले असणारच. तेवढ्यासाठी ते पाकीट ठेवले.

गेल्या श्रावणात, लाइट गेलेल्या एका रात्री, ही लढाई मांडली. सर कंदील घेऊन उंबऱ्यापाशी बसले. आंग्र्यांच्या पाकिटातून निघाले: पहाटे बाहेर पडा. सहा तुकड्यांसाठी फासे टाकले. पहिल्या फेरीत दोन हलल्या, दुसऱ्या फेरीत आणखी एक. उरलेल्या तीन खाडीतच, दोर बांधलेल्या. वॉटसनचे पाकीट उघडले, सरांचे अक्षर: दुपारच्या वाऱ्याची वाट पाहा, तोवर नांगर उचलू नका. म्हणजे वाट मोकळी! पाच गुराबी आणि त्यांची गलबते खाडीच्या बाहेर आली, दक्षिणेला वळली, तीन फरश्या गेली. माझा गुडघा दुखत होता तो दुखायचा थांबला.

आणि फाशावर एक पडला.

‘‘गाळि इल्ल,’’ सर म्हणाले. वारा नाही.

‘केंट’ जागेवर खिळले, ‘टायगर’ खिळले. आंग्र्यांच्या गलबतांनी दोर टाकले आणि गुराबी ओढायला सुरुवात केली, फेरीला अर्धी फरशी. साऱ्या दर्यावर त्या घटकेला वेगाने हलू शकेल असे एकच आरमार उरले होते. उत्तरेला उभी असलेली, मागे काहीही ओढायचे नसलेली, पेशव्यांची वल्हवायची गलबते. इतकी वर्षे मी मराठ्यांच्या बाजूने जो नियम अभिमानाने मिरवला, तो आता मराठ्यांच्याच मागे लागणार की काय, हे त्या पाकिटावर होते.

मी उंबऱ्यापाशी जाऊन बसलो. तीनांतले वरचे पाकीट उचलले. सरांनी कंदील वर केला. माझेच अक्षर, माझाच डिंक, आणि उघडायला हात होईना. न उघडता गुंडाळून ठेवता आले असते, उद्या दुसरे उचलता आले असते, विचारणारे कोणी नव्हते. पण मग पस्तीस वर्षे जे केले तो खेळ कसला?

उघडले. ‘पाठलाग करून पकडा.’

पुढच्या चार फेऱ्या मी मुकाट्याने खेळलो. पेशव्यांच्या गलबतांनी दोन-दोन फरश्यांनी अंतर तोडले. तिकडे सतरंजीवर जाऊन मला ठरवावे लागले, की गुराबी सोडून गलबते वाचवायची की गुराबींसाठी झुंजायचे. एका गुराबीने नाकावरच्या तोफा फिरवून दोन गलबते फोडली. पण दोर तुटले तशा गुराबी एकेक करून वेढल्या गेल्या. आंग्र्यांची सात गलबते दक्षिणेकडे निसटली. पाचही गुराबी पेशव्यांच्या हातात. दुपारी वारा सुटला, वॉटसन आत शिरला, आणि खाडीत राहिलेले सगळे जळाले, इतिहासात जळाले तसेच.

घरातून आवाज आला, ‘‘मग पेशव्यांना ‘थांबा’ म्हणून का न्हाई लिवलाव?’’ लिहिले होते. ते दुसऱ्या पाकिटात होते.

सर बराच वेळ फरशीकडे पाहत राहिले. ‘‘यार गेद्द्रु री?’’ त्यांनी विचारले. कोण जिंकले? मला सांगता येईना. तेव्हा त्यांनीच पेशव्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या पाच गुराबींकडे बोट केले. ‘‘हडगु उळिदवल्ला.’’ जहाजे तर उरली ना.

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. खऱ्या 1756 मध्ये पेशव्यांचे आरमार थांबून राहिले, आणि आंग्र्यांचे जवळजवळ सगळे जळले. माझ्या फरशीवर त्यांनी पाठलाग केला, भावाला पकडले, आणि पाच गुराबी मराठी निशाणाखाली राहिल्या. जो हुकूम निघू नये म्हणून मी मनात धावा करीत होतो, त्यानेच काही वाचवले. एका खेळावरून इतिहास ठरत नाही, फासा निराळा पडता तर सगळेच निराळे. पण विजयदुर्गावर पुढे पेशव्यांचे आरमार आनंदराव धुळपांनी पुन्हा उभे केले आणि 1783 मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडले, हे खरे आहे. त्यांच्या हाताशी या पाच गुराबी असत्या तर काय, हा विचार त्या रात्री मी पुष्कळ वेळ केला. वहीत ‘कोण जिंकले’ असा रकाना आहे. त्यात ‘पाच गुराबी’ एवढेच लिहिले.

तुळाजीचे काय, असे सरांनी जाता जाता विचारले. छावणीतल्या माणसासाठी माझ्या खेळात लाकडाचा तुकडासुद्धा नाही, हे तेव्हा जाणवले. आता एक केला आहे, पांगाऱ्याचाच, शिडाविना. तो देवघराच्या उंबऱ्याशी ठेवायचा. त्याच्यासाठी हुकूम नाही.

पुढचा डाव दिवाळीनंतर. सध्या फरशीवर अनारशांचे पीठ वाळते आहे, दर्या मागायची सोय नाही. पेशव्यांचे हुकूम या वेळी सर लिहिणार आहेत, कन्नडात. परवा तीन पाकिटे आणून दिली, घट्ट बंद केलेली. डिंक जरा जास्तच लावला आहे.